अश्विनीनं सोडलेली सीट

"चाचा, मला बिझनेस क्लास देऊन राहिले," अश्विनी फोनवर म्हणाली. "फ्लाइट फक्त उद्याची आहे. मी हो म्हणून टाकलं. हैदराबादची टॅक्सी तेवढी एक दिवस पुढं करा."

मी हिंगोलीतल्या माझ्या ऑफिसचं शटर नुकतंच वर केलं होतं. तिकडं रात्र होती, ती टोरांटोच्या विमानतळावर गेटपाशी उभी होती. तिची आई पहाटेच गेली होती. मला ते माहीत होतं, तिला माहीत नव्हतं.

तिकिटांच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले. मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला जाणारे आणि परदेशातल्या लेकरांना भेटायला निघालेले आईबाप, हे माझं मुख्य गिऱ्हाईक. अश्विनी औंढा नागनाथची. देवळातल्या पूजेचं घराणं. वडील ती शाळेत असतानाच वारले, भाऊ-बहीण कुणी नाही. आईला हिंगोलीच्या दवाखान्यात भरती केलं तेव्हा तिच्या काकांनी, मधुकररावांनी, मला फोन केला आणि मी मिळेल ते तिकीट काढलं. टोरांटोहून दुबई, तिथून हैदराबाद, पुढं टॅक्सीनं औंढा.

पहाटे मधुकररावांचा पुन्हा फोन आला. "रफिकभाई, वहिनी गेल्या. पोरीला कळू देऊ नका."

मी म्हणालो, "सांगून टाका तिला. शहाणी पोरगी आहे."

"एकटी आहे ती. इतका वेळ विमानात रडत बसंल. पाणी द्यायला कुणी न्हाई. इथं आल्यावर सांगू."

आमच्याकडं ही जुनी रीत आहे. वाटेवरच्या माणसाला मरणाची खबर द्यायची नाही. 'सिरीयस आहे, लवकर ये' एवढंच सांगायचं. ऐकणाराही काय ते समजून घेतो आणि मुकाट गाडीत बसतो. पण मधुकररावांना पुतणीची माया जरा जास्तच. तिनं फोनवर खोदून विचारलं तेव्हा ते बोलून गेले, "आता बरी आहे. सकाळी चहा घेतला. तू सावकाश ये." त्या 'सावकाश'नं सगळा घोळ केला.

आता ओव्हरबुकिंग म्हणजे काय ते सांगतो. विमानात जेवढ्या सीट असतात त्यापेक्षा थोडी जास्त तिकिटं कंपनी विकते. काही लोक येतच नाहीत हा तिचा हिशोब असतो. लग्नात आचारी बोलावलेल्यांपेक्षा थोडी कमी पानं धरतो तसंच. पण एखाद्या दिवशी सगळेच येऊन उभे राहतात. मग गेटवर पुकारतात की कुणी आपणहून सीट सोडायला तयार आहे का. सोडणाऱ्याला हॉटेल, पुढच्या प्रवासाचं व्हाउचर आणि नशीब असेल तर दुसऱ्या दिवशी अपग्रेड, म्हणजे त्याच तिकिटावर वरच्या क्लासची सीट. लाँग हॉल, म्हणजे लांब पल्ल्याच्या फ्लाइटला या सीटचा पलंग होतो. आमची गिऱ्हाइकं मला विचारतात, सूट घालून गेलो तर अपग्रेड मिळेल का? सुटाला कुणी विचारत नाही. ज्याला घाई नाही त्याला मिळतं.

अश्विनीला वाटलं, आपल्याला घाई नाही.

"बेटा, ते परत कर. आजच्याच फ्लाइटनं ये," मी म्हणालो.

"काहून? आई तर बरी आहे." तिचा आवाज थकलेला होता, पण खूश होता. "चार रात्री झोप न्हाई चाचा. विमानात झोपून घेते, मंग दवाखान्यात आईजवळ जागता येईल. आई इकडं आली होती तेव्हा मधल्या सीटवर बसून तिचे पाय सुजले होते. म्हणायची, पुढं लोक निजून जातात की गं. तिला सांगते आता, मी बी निजून आले."

दोन मिनिटं थांब म्हणून मी फोन ठेवला आणि मधुकररावांना लावला. मयत त्यांच्या घरची, आधी त्यांना विचारणं भाग होतं.

"ती उद्या निघून राहिली. तुमी सावकाश ये म्हणालात म्हणून. आताच्या आता खरं सांगा."

पलीकडं बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, रफिकभाई."

"मग मी सांगतो."

ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी अश्विनीला फोन लावला आणि सरळ सांगितलं, कारण असली गोष्ट वळणं घेऊन सांगता येत नाही. "बेटा, आई गेली. पहाटेच गेली. काउंटरवर जा, तुझी सीट परत माग."

फोन चालूच राहिला. पळण्याचा आवाज आला, मग ती इंग्रजीत विनवण्या करत होती. काउंटरवरची बाई सॉरी म्हणत होती. सोडलेली सीट दुसऱ्याला देऊन झाली होती, तो माणूस आत बसला होता, दार बंद झालं होतं. दार बंद झालं की कंपनीचा मालक आला तरी उघडत नाहीत. दुसऱ्या कंपन्यांच्या त्या रात्रीच्या फ्लाइट मी पाहिल्या. एकही उद्याच्या फ्लाइटच्या आधी पोचवत नव्हती.

औंढ्याला एक रात्र मयत ठेवायची तयारी झाली होती, नांदेडहून बर्फाची पेटी आणली होती. दोन रात्री ठेवायला भावकी कबूल होईना. घरात मयत असेपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही, आणि गल्लीत म्हातारी माणसं, लहान लेकरं. दुपारी उरकलं. अग्नी मधुकररावांच्या मुलानं दिला. अश्विनीनं हॉटेलच्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. स्मशानात रेंज धड नव्हती. आईचं तोंड तिला दिसलं की नाही हे मी अजून विचारलेलं नाही.

ती आली तेव्हा मीच टॅक्सी घेऊन हैदराबादला गेलो. मधुकरराव सोबत होते. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला, पण बोलली नाही. नांदेड मागं पडल्यावर मला म्हणाली, "पलंग केलाच न्हाई मी चाचा. सगळे निजले होते. मी बसून आले."

मधुकररावांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. मला त्यांचाही राग येईना. त्यांनी मायेपोटीच केलं होतं.

आता कुणी घाईचं तिकीट मागायला आलं की मी आधी विचारतो, माणूस आहे की गेला? आणि येणाऱ्याला हे सांगितलंय का? लोकांना माझा राग येतो. एक-दोघं उठून दुसऱ्या एजंटाकडं गेले. जाऊ द्यात. विमान कंपनी नफ्यासाठी जास्तीची तिकिटं विकते, पण सीट काढून घ्यायच्या आधी गेटवर उभं करून निदान विचारते, सोडता का म्हणून. अश्विनीकडून आईचं शेवटचं दर्शन काढून घेताना तिच्या घरच्यांनी तेवढंही विचारलं नव्हतं.