एकही मेल परत आली नाही

आमच्या धरणाच्या ऑफिसात तिला सगळे झाडूबाई म्हणतात. हातात झाडू कधीच नसतो; ती झाडते ती ईमेलची यादी. पाणी सोडायच्या तासभर आधी नदीकाठच्या शाळा, वीटभट्ट्या, पंपवाले, होडीवाले सगळ्यांना इशारा जातो, तो तिच्या कॉम्प्युटरवरून. भोंगा आहे, पण तो पुलापलीकडे ऐकू जात नाही.

इशारा गेला की काही मेल परत येतात. पत्ताच बंद झाला असेल तर ती नाव काढून टाकते. नुसती मेलची पेटी भरली असेल तर नाव ठेवते आणि त्या माणसाला फोन करते. यात पहिला मान तिच्या धाकट्या भावाचा. पुलापलीकडे त्याची रोपवाटिका. गिऱ्हाइकं फोटो पाठवतात, हा पठ्ठ्या एक पुसेल तर शपथ!

"अरे, पेटी रिकामी कर की जरा!"

"ताई, तू फोन करतेसच ना? मग कशाला?"

शेजारच्या टेबलावर बसून मला हे पाठ झालंय. त्या माणसाचा मला मनापासून राग यायचा.

गेल्या महिन्यात ती वैतागली. यादी वाढली होती, फोन करून करून घसा बसायचा. नवीन सोय आली होती: मेल परत आली की मशीनच तो पत्ता गाळतं, कारण काही का असेना. "एकदाची कटकट मिटू दे," म्हणाली आणि ती सोय चालू करून टाकली. मागच्या आठवड्यात सगळ्या यादीला चाचणीची मेलही गेली.

आज वरून पाणी वाढलं, दारं उघडायचं ठरलं. इशारा पाठवून ती सवयीनं फोन पुढ्यात ओढून बसली. एकही मेल परत आली नाही.

"काय लख्ख झालीय यादी!" मी म्हणालो. तीही खुशीत होती. कितीतरी दिवसांनी तिनं चहा गरम असताना प्यायला.

तासाभरानं दारं उघडली. त्यांची घरघर भिंतीतून टेबलापर्यंत आली, तसा तिचा चेहरा उतरला.

"भावाची मेल परत आली नाही."

"पेटी रिकामी केली असेल."

"तो?"

तिनं यादीत शोधलं. त्याचं नाव नव्हतं. पेटी भरलेल्या एकाचंही नव्हतं. चाचणीच्या मेललाच मशीननं ती सगळी गाळली होती. दारं बंद करा म्हणून मी ओरडत बाहेर धावलो, ती बंद झालीही, पण सुटलेलं पाणी पुलाकडे निघालं होतं.

परत आलो तेव्हा तिनं भावाला फोन लावला होता. उचलला भावजयीनं.

"ताई, यांचा फोन इथंच चार्जिंगला आहे. मी म्हटलं, धरण भरलंय, आज नदीत नका उतरू. तर म्हणाले, पाणी सुटणार असतं तर ताईचा फोन आला असता. आत्ताच गेले, पंपाची जाळी साफ करायला. का हो?"