मावशी बसच्या पुढे गेली

आमची मावशी ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर धावून पहिली आली, तरी आजोबा शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, "पोरगी हुशार हो, इस्त्रीत नाव काढलं असतं." आजोबांची लॉन्ड्री होती, आणि जगात त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची: ज्यांच्या पँटची घडी टिकते ती आणि टिकत नाही ती.

मावशीच्या धावण्याला सुरुवात झाली एका नवरदेवामुळे. लग्नाच्या सकाळी हा गडी घाईघाईत आला आणि आपला समजून एका आडदांड वकिलाचा कोट घेऊन बसमध्ये चढला. आजोबांच्या लक्षात आलं तेव्हा बस सुटलेली. ते नुसते "अगं, कोट! कोट!" करत राहिले. मावशी तेव्हा शाळेत होती. तिने खरा कोट हँगरसकट उचलला, रस्त्याला लागू नये म्हणून उजवा हात उंच धरला आणि सुसाट सुटली. बस पुढच्या स्टॉपवर पोचली, तेव्हा ही तिथे आधीच उभी! नवरदेवाने कोट घेतला आणि तिच्याकडे बघायच्या आधी बाही चुरगळली नाही ना ते बघितलं.

त्याच बसमध्ये खिडकीशी धावपटूंना शिकवणारे एक सर डुलक्या घेत होते. त्यांनी डोळा उघडला, तर एक कोट त्यांना मागे टाकून पुढे चाललेला. बस थांबली तशी तेही त्याच स्टॉपवर उतरले.

"मैदानावर धावशील का?"

"कुणाचे कपडे पोचवायचेत?" मावशीने विचारलं.

आजोबांचं मन वळवायला सर रोज एक शर्ट इस्त्रीला आणू लागले. शर्ट संपले, तसे घरातले पडदे आणले. पडद्यांनी आजोबा विरघळले. सकाळी मैदान, दुपारी दुकान, असं ठरलं.

पण तो उजवा हात! वेग वाढला की आपोआप वर जायचा.

"अगं, खाली घे! काही नाहीये तुझ्या हातात!" सर ओरडायचे.

"मला माहितीये हो सर. हाताला माहीत नाही."

शेवटी सरांनी तिच्या मुठीत ओला रुमाल दिला. ओलं कापड उंच धरलं की पाणी काखेपर्यंत जातं, हे लॉन्ड्रीवाल्याच्या मुलीला कुणी सांगायला नको. हात खाली आला.

ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत रुमाल नव्हता. रेषा जवळ आली आणि हात वर गेलाच. मावशी जिंकली, आणि वर्तमानपत्रांत छापून आलं की हिला विजयाची इतकी खात्री, रेषेआधीच हात उंचावला! एकाने तर घमेंडखोर म्हटलं. आजोबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "बनियनला सुरकुत्या केवढ्या! कुठे दिला होता धुवायला?" एवढं बोलून आत गेले आणि लाल डोळ्यांनी बाहेर आले. डोळ्यांत वाफ गेली म्हणाले. इस्त्री अजून लावलीही नव्हती.

पुढच्या ऑलिम्पिकमध्ये अर्ध्यातच मांडीचा स्नायू फाटला. बाकीच्या मुली घाम पुसून, पाणी पिऊन मोकळ्या झाल्या, तेव्हा मावशी लंगडत रेषेवर पोचली. धावणं संपलं. ती दुकानात बसू लागली. लोक तिला बघायला म्हणून एकेक रुमाल घेऊन यायचे आणि वर कुरकुरायचे, "ऑलिम्पिकवाल्या ना तुम्ही? मग कपडे उद्या कसे?"

"पळते मी. कपडे आपले सावकाश वाळतात."

सर थकले, तेव्हा मैदानावरच्या मुलींना मावशी शिकवू लागली. त्यातल्या एकीने, पोस्टमनच्या मुलीने, मावशीचा राष्ट्रीय विक्रम मोडला. वार्ताहर धावत आला. "खूप आनंद झाला असेल ना?"

"कसला आनंद? इतकी वर्षं माझा होता तो."

आणि मग त्या मुलीच्या गळ्यात पडून मावशी अशी काही रडली, की पोरगी घाबरलीच. "मावशी, परत देता येत असेल तर..."

"खबरदार!" मावशीने नाक पुसलं. "उद्या लवकर ये. सुरुवात अजून भिकार आहे तुझी."