मंदारची रायफल आणि फुल पॉवरचा हट्ट

जुन्या बंदुका विकायला बसलं, की किस्से फुकट मिळतात. गिऱ्हाईक आणतं एक बंदूक, आणि शहाणपण ट्रकभर! इकडे परदेशात, स्कोफिल्ड्सजवळच्या माझ्या दुकानात यंदा डोकं खाल्लं ते मंदारने.

मंदार जवळच्याच केलीव्हिल उपनगरातला आयटीवाला. लायसन्स आहे, माणूस सोन्यासारखा. एका फार्मवरून शंभरी ओलांडलेली रायफल घेऊन आला. एका वेळी एकच गोळी भरायची, तसली. नळी आतून गंजलेली, नवीच बसवायला हवी.

"काका, कॅलिबर लेटेस्ट टाका, जोरदार गोळीचं. फुल पॉवर!"

"अरे, नळी नवी, पण मागचा लोखंडी ठोकळा जुनाच ना! सगळा दाब त्याने अडवायचा. फुटला तर थेट तुझ्या डोळ्यात!"

"स्टील ते स्टील, काका!"

"मग पणजोबांना बेंच प्रेसला झोपवशील का?"

*

पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन हजर. "हे बघा, हा माणूस अशाच रायफलीत तेच कॅलिबर वापरतो. काही झालं नाही!"

माझं टाळकंच सटकलं. "ज्यांची फुटली, ते पोस्ट टाकत बसलेत का?"

*

मग साक्षीदार आणला, नेमबाजी क्लबमधला गोरा कॉलिन. "नो वरीज, मेट! तुम्ही लोक फार घाबरता!"

तुम्ही लोक! म्हटलं, "बरं कॉलिन, बसवतो. पहिला बार तुझा. दस्त्याला गाल टेकवून."

"आज नको, मेट. चष्मा विसरलोय."

चष्मा कपाळावर होता!

*

शेवटी मी अडून बसलो. थर्टी-टू ट्वेंटीच कॅलिबर, जुनं, कमी दाबाचं. नाहीतर उचल रायफल आणि चालू लाग! नळी बसवणाऱ्या गनस्मिथनेही ठोकळा तपासून मान डोलावली. मंदारचं तोंड एवढंसं झालं.

"काका, यात मजा काय?"

"दोन डोळे घेऊन घरी जातोस, ही!"

*

दसरा झाल्यावरच्या रविवारी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर गेलो. मंदार गोळी भरणार, तेवढ्यात मी सवयीने हात धरला आणि मागून नळीत पाहिलं. काळोख! उजेडाचा ठिपका नाही. नळी तुंबलेली असली, की कमी दाबाचं कॅलिबरही वाचवत नाही. गज घालून ढकलला, तर पुढून पिवळट गोळा पडला. वेलचीचा वास!

मंदार पांढराफटक. पुण्याहून आलेल्या आईला त्याने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"आई, दसऱ्याला रायफलीच्या पूजेच्या वेळी नळीत काय घातलंस?"

"पेढा. पहिल्यांदाच बाहेर निघाली होती ना रे. तोंड गोड नको करायला?"