वह्या बांधायला आलेली मुलगी

कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या लांबट खोलीत बाइंडरकाका अठ्ठावीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत आले होते. दुपारी उंच खिडकीतून ऊन उतरलं की कागदाची धूळ तरंगायला लागायची, खळीचा आंबूस वास दाटायचा आणि काका अर्धवट स्वप्नात असल्यासारखे सुई ओढत राहायचे. बोलणं बेताचंच. "माझी निम्मी मित्रमंडळी छापील आहेत," म्हणायचे.

अशाच एका दुपारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. तिनं पाच वह्या टेबलावर ठेवल्या.

"काका, एकत्र बांधून द्याल? ज्युनिअर्सना उपयोगी पडतील."

"आणि परीक्षेला तुला?"

"मला नाही लागणार आता." ती हसली. इतकं हलकं, की जणू ती खोलीत नव्हतीच.

काकांचा हात थांबला. त्यांचा धाकटा भाऊ कॉलेजात असताना असाच हसत हसत आपली सायकल मित्राला देऊन आला होता. घरच्यांना वाटलं, पोरगा मोठ्या मनाचा झाला. चार दिवसांनी त्यानं जीव दिला.

काकांनी सुई खाली ठेवली आणि विचारलंच, "पोरी, जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

तिनं टेबलावरच्या वह्या उगाच सारख्या केल्या. मग तिला रडू फुटलं. "महिना झाला काका. कुणाला सांगणार?"

"मला सांगितलंस, बरं केलंस."

त्यांनी उपदेशाचे डोस पाजले नाहीत. स्टूल पुढे सरकवलं आणि ऐकत बसले. घसरलेले मार्क, उडालेली झोप, फोनवर आईला रोजचं 'मस्त चाललंय'. ऊन सरकत भिंतीवर चढलं.

"पुस्तकं शिवणं मला जमतं. याला जाणकार माणूस हवं," काका म्हणाले. "समुपदेशक मॅडमकडे जाऊ. आत्ताच. मी येतो."

"त्यांनी घरी कळवलं तर?"

"कळवतील बहुतेक. मी असेन तिथे."

ओसाड पटांगण ओलांडताना ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा काकाही थांबले. मॅडमनी तिला एकटं सोडलं नाही. संध्याकाळी आई आली, लेकीला कुशीत घेऊन नुसती बसून राहिली.

अडीच महिने घरी राहून, डॉक्टरांचे उपचार घेत ती परतली. एक विषय राहिला होताच. एखादा दिवस जड गेला की ती खोलीत येऊन मुकाट्यानं पानं लावत बसायची.

"बरी झाली ना ती?" ग्रंथपालबाईंनी एकदा विचारलं.

"होतेय," काका म्हणाले.