पांढऱ्या धोतराचा नियम

ट्रस्टच्या मीटिंगांतून समाजसेवा किती होते ते मला अजून कळलेलं नाही, पण किस्से भरपूर होतात. एक ठराव पास होईस्तोवर चार किस्से तयार! ठराव मी मिनिटबुकात लिहीत गेलो. किश्श्यांसाठी तिथं जागा नव्हती, म्हणून ते माझ्या डोक्यात साचले.

मी दिवसा पोस्टात कारकून आणि रविवारी या ट्रस्टचा बिनपगारी चिटणीस. नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यांत विदर्भभरातून पेशंट येत. त्यांच्या नातेवाइकांना उतरायला आमची धर्मशाळा होती. ती काढली नारायणजींनी. जन्मभर कोळशाची टाल, म्हणजे वखार, चालवली, शेवटी छाती धुरानं भरली, आणि मरायच्या आधी घर ट्रस्टला देऊन त्यांनी एक नियम लिहून ठेवला: ट्रस्टचा पैसा धूर करणाऱ्या धंद्यात लावायचा नाही. ओळखायचं कसं? कारखान्याजवळ पांढरं धोतर दिवसभर टांगायचं. संध्याकाळी पांढरं राहिलं तर पैसा लावा, काळं झालं तर परत या.

ट्रस्टी तीन. नारायणजींच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत. हायस्कुलात विज्ञान शिकवणारे मेश्राम सर. आणि काटोलचे संत्र्यांचे व्यापारी शेषरावजी, जे दर मीटिंगला एस.टी.नं येत आणि नियमाच्या कागदाची घडी खिशात घेऊन येत. कोणत्याही गोष्टीला तिघांचं एकमत लागे. धोतर सांभाळणं माझ्याकडं होतं.

*

पहिली परीक्षा कुहीच्या भात गिरणीची. मी धोतर कुंपणावर टांगलं आणि सावलीत जरा आडवा झालो. उठून बघतो तर एक गाय धोतर खाऊन राहिलेली! ओढाताण करून अर्धं वाचवलं.

मीटिंगमध्ये ते अर्धं धोतर टेबलावर ठेवलं. शेषरावजींनी दोन्ही बाजूंनी तपासलं आणि गंभीरपणे म्हणाले, "जेवढं उरलं तेवढं पांढरं आहे. आपण अर्धा पैसा लावू."

यावर पाऊण तास चर्चा झाली. गाईच्या पोटात गेलेल्या अर्ध्याचा रंग कोणता होता, हा मुद्दा शेवटपर्यंत सुटला नाही.

*

अगरबत्तीच्या कारखान्यातून धोतर पांढरंशुभ्र आलं, वर चंदनाचा वास! शेषरावजी खूश. पण काकूंनी विचारलं की अगरबत्ती पेटल्यावर धूर निघतो त्याचं काय? शेषरावजी म्हणाले, तो धूर गिऱ्हाइकाच्या घरी निघतो, कारखान्यात नाही. नियमात गिऱ्हाइकाचं घर लिहिलेलं नाही.

"मग बिडीचा कारखाना तर सगळ्यात शुद्ध झाला," मेश्राम सर म्हणाले.

शेषरावजींनी तेवढ्यात विझवायला घेतलेली बिडी तशीच धरून ठेवली आणि मग पैसे बँकेतच राहू द्या म्हणाले. दर वेळी शेवट हाच. आणि बँकेच्या व्याजात धर्मशाळेचा झाडूसुद्धा नीट येत नव्हता.

*

एकदा सरकारी कचेरीनं आमचं गुंतवणुकीचं धोरण लेखी मागवलं. मी धोतराचा नियम टाइप करून पाठवला. मला वाटलं, आता झापणार. दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात एकच शंका होती: धोतर सुती की टेरिकॉट, ते कळवावे.

*

आता ज्या गोष्टीसाठी आम्हाला पैसा हवा होता ती सांगतो, कारण ती हसण्यासारखी नव्हती. धर्मशाळेत स्वयंपाकघर नव्हतं. पेशंटांच्या बायका, बहिणी, आया अंगणातच कोळशाच्या शेगड्या पेटवून भात शिजवायच्या. दवाखान्यात माणूस दम्यानं घुसमटतोय आणि इथं त्याची बायको धुरात खोकतेय. मला ते बघवत नसे. काकू स्वतः त्या बायकांच्या शेजारी बसून डोळे पुसायच्या. नवरा धुरानं गेलेली बाई ती. गॅसच्या शेगड्या आणि पक्की खोली, एवढंच तिचं मागणं होतं, आणि बारा वर्षं ते मागणं दर मीटिंगमध्ये पुढच्या मीटिंगवर जात होतं.

*

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा अणुवीज घरासाठी सरकारी रोखे निघाले. व्याज चांगलं. काकूंनी मला हळूच विचारलं, "स्वयंपाकघर होईन का गा एवढ्या व्याजात?" मी हिशेब करून हो म्हटलं.

मेश्राम सर तर आनंदानं उडालेच. अणूत धूर नाही, काजळी नाही, नारायणजी असते तर त्यांनी स्वतः रोखे घेतले असते, असं त्यांचं म्हणणं. शेषरावजींनी विचारलं की धूर नाही, पण राख? सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की राखेसारखं काही उरतं आणि ते पुष्कळ पिढ्या सांभाळावं लागतं.

"आमच्याकडे दोन पिढ्यांत शेताचा बांध सांभाळणं होत नाही," शेषरावजी म्हणाले, "अन् हे कोण सांभाळून राहिलं?"

मग सरांनी दुसरं अस्त्र काढलं. कोळशाच्या धुरानं साऱ्या पृथ्वीचं तापमान वाढतंय, असं शास्त्रज्ञ म्हणतात. दिवस मे महिन्याचे होते. शेषरावजी टोपीनं वारा घेत होते.

"नागपूरचं आणखी काय वाढायचं राहिलं गा, सर?"

*

पण नियम तो नियम. मेश्राम सर स्वतःच्या खर्चानं, धोतर पिशवीत घालून, पार समुद्रकाठच्या अणुवीज घरापर्यंत गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं की आत काय काम आहे. सर म्हणाले, धोतर वाळत घालायचं आहे.

पुढचे दोन तास ते एका खोलीत बसून होते. शेवटी साहेबानं नियमाचा कागद वाचला, हसून हसून चहा पाजला आणि फाटकासमोरच्या हॉटेलाच्या दोरीवर धोतर टांगायची परवानगी दिली. संध्याकाळी धोतर पांढरं. एका कोपऱ्यात चहाचा डाग होता, तो साहेबाच्या हातून पडल्याचं सरांनी साहेबाकडून लिहूनही आणलं!

*

मग ती मीटिंग झाली. सरांनी धोतर विजयानं अंगणातल्या दोरीवर पसरलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. आम्ही ओसरीवर बसलो. शेषरावजींनी कागदाची घडी उलगडली आणि एकेक शब्द वाचायला घेतला. हॉटेलाची दोरी म्हणजे कारखान्याजवळ का? तांबडा डाग काळ्यात धरायचा का? दोन तास गेले. तोवर अंगणात तीसेक बायकांच्या शेगड्या पेटल्या होत्या.

शेषरावजींनी सहज मान वर केली आणि बोट दाखवलं. धोतर काळं!

सर ओरडलेच, की हा आपल्या शेगड्यांचा धूर आहे. शेषरावजी शांतपणे म्हणाले, "काळं ते काळं. अन् शेगड्यांचा असन, तर नियमानं या धर्मशाळेतच पैसा लावता येत नाही. रोखेही रद्द, स्वयंपाकघरही रद्द. लिहून घ्या, चिटणीस."

मी लिहिलं नाही. बारा वर्षांचं मागणं त्या माणसानं एका वाक्यात पुसलं होतं आणि त्याची चूकही काढता येत नव्हती.

काकू उठल्या, अंगणात गेल्या, आणि कुहीहून आलेल्या एका बाईला म्हणाल्या, "शेगडी विझव वं. इथं धूर करायची मनाई झाली. साऱ्याजणींले सांग, भांडे बांधा."

बायकांनी खरोखरच भांडी बांधायला घेतली. तीसजणी, त्यांची पोरं, तांदळाची गाठोडी. काकू ओसरीपाशी आल्या.

"काटोलची गाडी किती वाजता आहे गा?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, साडेचारला.

"साऱ्यांचे तिकिटं काढ. शेषरावजींचं स्वयंपाकघर मोठं आहे म्हणते."

शेषरावजींनी अंगणाकडं पाहिलं. पहिली बाई डोक्यावर पातेलं घेऊन फाटकापर्यंत पोचली होती. त्यांनी रोख्यांच्या ठरावावर सही करायला माझ्याकडं पेन मागितलं.