झाकणाला एक पावसाळा

वीरजी वस्तूकडे कधी बघायचेच नाहीत. तुम्ही कातून आणलेली लाकडी वाटी हातात घ्यायची, अंगठा आत घालून बुडापासून काठापर्यंत फिरवायचा, आणि नजर मात्र समोरच्या रस्त्यावर. अंगठा कुठे अडला की भुवई वर जायची. "यहाँ नींद आ गई थी?" एवढंच विचारायचे. आणि खरंच, नेमकं तिथंच माझं लक्ष उडालेलं असायचं.

वीरजी म्हणजे पंजाबीत भाऊ, सगळे त्यांना तसंच म्हणायचे. चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्यात त्यांचं दुकान होतं. पुढे विकायच्या वस्तूंची फळी, मागे खराद, म्हणजे आपलं कातारकामाचं यंत्र. मी मूळची संगमनेरची. मुलाला आयटी पार्कात नोकरी लागली आणि आम्ही शेजारच्या पंचकुल्यात राहायला आलो. साठी उलटल्यावर मोबाईलवर बघूनबघून लाकूड कातायला शिकले. मुलानं छोटा लेथ आणून बाल्कनीत बसवून दिला. खालच्या मजल्यावरच्या आंटी आठवडाभर बोलत नव्हत्या, तो भाग वेगळा.

पहिला कुंकवाचा करंडा केला तुतीच्या लाकडाचा. हळदीकुंकवाला आलेल्या मराठी मुलींनी फोटो काढले, "काकू, विकायला ठेवा ना" म्हणाल्या. मग काय, मे महिन्याच्या उन्हात करंडा घेऊन गेले वीरजींकडे. मनात एकच होतं, त्यांच्या फळीवर माझी एक तरी वस्तू बसावी. त्यांनी अंगठा फिरवला, "बढ़िया है, भैणजी" म्हणाले आणि करंडा परत दिला. मी खूश. तेवढ्यात एक जुने कारागीर पोळपाट घेऊन आले, तर त्यांना वीरजींनी पाच मिनिटं फैलावर घेतलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला शिकवायचं नाही त्याला ते बढ़िया म्हणतात.

मी उठलेच नाही. म्हटलं, "वीरजी, मुझे भी डाँटो."

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. करंडा काढून घेतला आणि खिडकीत ठेवला. "गरमी में सब ढक्कन शरीफ़ होते हैं. बरसात के बाद आना."

ही त्यांची रीतच होती. झाकणाच्या वस्तूला एक पावसाळा काढल्याशिवाय ते मत देत नसत. सप्टेंबरअखेर गेले तर झाकण हलेना. लाकूड ओलं असतानाच कातलं होतं मी, ते फुगून वाकडं झालेलं. वीरजींनी ओढून पाहिलं, मी ओढून पाहिलं. "कुंकुम को उम्रकैद दे दी आपने," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी मी शहाणपणा करून झाकण सैल ठेवलं. ते करंडा तिरका केला की खाली. "ये तो नमस्ते करके खुद उतर जाता है."

तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी खरी गोष्ट सांगितली. "मोटा काटो. भूल जाओ. फिर काटो." मी करंडा जाडसर कातला आणि सावकाश वाळायला भुशाच्या पोत्यात घालून पलंगाखाली सरकवला. मुलगा म्हणाला, "आई, वाळवी लागेल." म्हटलं, लागू दे, हात लावू नकोस. उन्हाळा संपता संपता तो पुन्हा कातून नेमका केला आणि वीरजींच्या खिडकीत नेऊन ठेवला.

त्याच पावसाळ्यात कळलं की त्यांचा मुलगा त्यांना लुधियान्याला घेऊन चाललाय आणि दसऱ्यानंतर दुकान बंद होणार. माझा जीव खालीवर. हे झाकण बिघडलं, तर पुढच्या पावसाळ्यानंतर दुसरं दाखवायला वीरजी नसणार होते.

पाऊस गेल्यावर गेले. वीरजींनी करंडा घेतला, झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. अंगठा आत गेला, बुडाशी जरा अडला. "नीचे लहर है."

"है," मी म्हटलं. "मुझे पता है. ढक्कन का बोलो."

ते उत्तर देणार, तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आल्या. त्यांनी सरळ वीरजींच्या हातातून करंडा घेतला, झाकण दोनदा उघडून बघितलं. "आपने बनाया है, बाबाजी?"

हो म्हणाले असते तरी मी काही बोलले नसते. त्या दुकानातलं सगळं त्यांच्याच नावावर जायचं.

"ना जी," वीरजी म्हणाले. "ये भैणजी का काम है. कभी अटके, तो इनको पकड़ना." त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर माझा नंबर लिहायला लावला, तो घडी करून करंड्यात टाकला आणि झाकण लावून करंडा बाईंच्या हातात दिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चाय पियोगे?"

दसऱ्यानंतर ते गेले. त्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी अजून कातते, आणि कोणी वाटी दाखवायला आणली की बढ़िया म्हणायचं टाळते.

दोन पावसाळे झाले. त्या बाईंचा फोन आलेला नाही.