नळ नसलेला ॲडमिन

शहराच्या पाण्याची खबर देणाऱ्या ग्रुपचा मी दुष्काळाच्या वर्षांत ॲडमिन होतो, आणि माझ्या स्वतःच्या घरी नळ नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोकांना ते मागाहून कळलं की त्यांना लगेच कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायचं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

बीड बायपासच्या पलीकडे आम्ही घर घेतलं तेव्हा बिल्डर म्हणाला होता, "पाइपलाइन आलीच समजा." मला तेव्हाच शंका आली होती. बायकोला आली नाही, म्हणून घर झालं. शहर बायपास ओलांडून वाढतच गेलं, शेतांमध्ये गल्ल्या पडल्या, गल्ल्यांना पाट्या लागल्या, पाइपलाइन तेवढी आली नाही. मग पाऊस रुसला, बोअर आटली आणि सगळी वसाहत टँकरवर आली. टँकरचं पाणी मचूळ. अंघोळीला, धुण्याभांड्याला ठीक, पण त्याचा चहा केला की फाटायचा.

प्यायचं पाणी आम्हाला मित्राकडून मिळायचं. तो माझ्याच कंपनीत, वाळूजला, मशीन शॉपमध्ये, मी क्वालिटीत. क्रांती चौकातून कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसायचो. खिडकी त्याची, कारण तो झोपायचा. मूळचा दौलताबादकडच्या शेतकरी घरातला, राहायला सिडकोत. त्याच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं आणि आलं की मला फोन यायचा. फोनवर दोनच शब्द: "आलंय, निघ." मी स्कूटरवर पायांपाशी दोन कॅन ठेवून निघायचो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, स्वतःचे हंडे बाजूला सारून आधी माझे कॅन नळाखाली लावायच्या. ते भरेपर्यंत चहा. त्या वर्षांत आलेल्या पाहुण्याला लोक अर्धा ग्लास पाणी देत होते, म्हणजे बघा.

मला ॲडमिनही त्यानेच केलं. ग्रुप सुरू करणारे गृहस्थ बदली होऊन नागपूरला गेले आणि जाताना त्यांनी 'कुणीतरी जबाबदारी घ्या' असं लिहिलं. बसमध्ये मी ते वाचून दाखवलं, तर मित्र डोळे न उघडता म्हणाला, "तू घे ना. तुला कुणाचंच खरं वाटत नाय. असलाच माणूस लागतो तिथं."

मी घेतलं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, घरी आल्यावर, सारखा मोबाईल हातात. मंजुरीसाठी थांबलेल्या पोस्ट एकामागून एक: अमक्या कॉलनीत पाणी सुटलं, तमक्या टाकीवरून आज सुटणार नाही, व्हॉल्व्हवाला फोन उचलत नाही. मधूनच कुणी जुना सोफा विकायला काढलेला, कुणी शहराच्या नावावरून भांडण उकरून काढलेलं. नावाचं भांडण मी बघताक्षणी उडवायचो. पाण्याची पोस्ट अशी उडवता येत नव्हती, तिच्यात खरं काय ते ओळखावं लागायचं. 'आज पाणी येणार नाही' एवढी एक खोटी ओळ पडली की गल्लीच्या गल्ली टँकर मागवायची. अशी ओळ कुणाच्या फायद्याची, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

म्हणून मी नियम केला. पाणी आलं म्हणायचं तर वाहत्या नळाचा फोटो हवा, आणि नळाखाली नाव घातलेलं भांडं हवं. लग्नात, वास्तुशांतीत भांडं द्यायचं तर आपण त्यावर नाव कोरून देतो. असं एखादं भांडं नाही असं स्वयंपाकघर नाही. जुना फोटो पुन्हा पुन्हा फिरवणारा माणूस भांड्यावरून सापडायचा. लोक आधी कुरकुरले, मग त्यातच रमले. कुणाच्या हंड्यावर कुणाच्या आत्याचं नाव निघायचं आणि पाणी राहायचं बाजूला, खाली सोयरिकी सुरू व्हायच्या. मला हा नियम फार आवडायचा. कंपनीत मी मापाचं गेज लावून मशीनवरून आलेला जॉब रिजेक्ट करायचो, इथे भांडं बघून पोस्ट.

उन्हाळ्यात एका बाईंनी तक्रार टाकली. टँकरचं पाणी गढूळ, शेवाळाचा वास, बादलीचा फोटो, टँकरच्या नंबरचा फोटो. सगळं नियमात बसत होतं. मी मंजूर केली. टँकर दौलताबादच्या बाजूचा निघाला आणि त्याचा मालक माझ्या मित्राचा चुलतभाऊ.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मित्र झोपला नाही. वाळूज येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग म्हणाला, "टाकायच्या आधी मला एक फोन केला असता तर?"

"फोन कशाला? पोस्ट खरी होती."

"खरी व्हय. खोटी कुठं म्हणतोय मी. त्याची विहीर आटत आलीय, तळाचं पाणी आलं. सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी बदलून दिलं असतं."

"तुझा भाऊ म्हणून नियम वेगळा?"

"नाय बाबा," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. पण झोपला नव्हता, ते मला कळतं.

त्याच आठवड्यात ग्रुपवर 'जागरूक नागरिक' नावाचं एक प्रोफाइल उगवलं. चेहऱ्याच्या जागी किल्ल्याचा फोटो. किल्ला सगळ्या शहराचा आहे, मान्य. पण मला तो तेव्हा फक्त मित्राच्या दौलताबादचा दिसला. त्याने लिहिलं होतं: 'ॲडमिनच्या घरी नळ नाही. ते टँकरवर जगतात. एका टँकरवाल्याला बदनाम करून दुसऱ्याचा धंदा वाढवतात. हात ओले झाल्याशिवाय फुकट एवढी मेहनत कोण करतं?'

मी ते उडवू शकलो असतो. उडवलं असतं तर लोक म्हणाले असते, खाई त्याला खवखवे. म्हणून ठेवलं, आणि खाली बघता बघता गर्दी झाली. वर्षभर ज्यांच्या पोस्ट मी जेवण सोडून मंजूर केल्या, त्यांनी 'चौकशी झालीच पाहिजे' म्हणून लाइक ठोकले. मला भयंकर राग आला. पण रागापेक्षा एक प्रश्न जास्त छळत होता. माझ्या घरी नळ नाही हे ग्रुपवर मी कधीच लिहिलं नव्हतं. मग याला कुणी सांगितलं?

काही दिवसांनी त्याच प्रोफाइलने पाण्याची पोस्ट टाकली. सिडकोत पाणी आलं, सोबत नियमाप्रमाणे फोटो. नळ, खाली स्टीलची कळशी, कळशीच्या खांद्याला पोचा. सवयीने मी फोटो मोठा केला. गळ्याखाली आमचं आडनाव कोरलेलं होतं आणि त्यापुढे 'परिवाराकडून सप्रेम भेट'.

ती कळशी आम्ही मित्राच्या वास्तुशांतीला दिली होती. सिडको, किल्ला, चुलतभाऊ, नळाची माहिती आणि आता कळशी. सगळे गेज लावून पाहिले, सगळे बसले.

बायकोला काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने लगेच वहिनींना फोन लावला असता.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मित्राचा फोन आला, "आलंय, निघ." आवाज अगदी नेहमीसारखा. मला त्याचाच संशय आला. एवढं करून माणूस नेहमीसारखा बोलतो म्हणजे तो किती मुरलेला असेल, असं मनात घोळवत मी बायपासवरून सिडकोत गेलो. वहिनींनी माझे कॅन लावले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने सरळ स्वयंपाकघरात शिरलो. ओटा पाहिला, मोरी पाहिली, भांड्यांचं स्टँड पाहिलं. हंडे होते, बादल्या होत्या, कळशी नव्हती.

"वहिनी, आम्ही दिलेली कळशी कुठं दिसत नाही?"

दिलेल्या वस्तूचा ठावठिकाणा विचारणारा माणूस आपल्याकडे कुणी चांगला समजत नाही. वहिनींचं तोंड एवढंसं झालं. "हाय ना भाऊजी. वर माळ्यावर ठेवलीय."

"माळ्यावर? एवढ्या टंचाईत?"

मित्र दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग नळाकडे जाऊन माझा भरलेला कॅन बाजूला घेतला आणि त्याचं झाकण घट्ट लावलं. त्या दिवशी मी चहाला थांबलो नाही.

घरी येऊन मी 'जागरूक नागरिक'ला खाजगीत लिहिलं, 'कळशी ओळखली.' उत्तर आलं, 'कोणती?' वेड पांघरून पेडगावला जातोय, असं म्हणून मी त्याला ब्लॉक केलं. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये मागच्या सीटवर बसू लागलो. मित्राच्या शेजारची जागा स्टोअर्समधल्या कुणीतरी घेतली.

रविवारी सकाळी मित्र आमच्या दारात आला. स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये कळशी, तोंडाला फडकं बांधलेली, काठोकाठ भरलेली. बायपासचे खड्डे असे की त्याची पँट गुडघ्यापासून खाली भिजली होती. त्याने कळशी उचलून पायरीवर ठेवली आणि फडकं सोडलं.

"बघा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदा अहोजाहो करत होता. "तुमचं कामच हाय तपासायचं."

मी पाहिलं. कळशीला पोचा नव्हता, ओरखडा नव्हता. दुकानाचं लेबल अजून पोटाला चिकटलेलं होतं, एका कडेने ओलं होऊन सुटत होतं. फोटोतला पोचा मी पाहिला होता, चांगला नीट पाहिला होता. पण नाव दिसलं आणि पुढचं तपासायचं राहून गेलं. जॉबवर असं केलं असतं तर मीच मला मेमो दिला असता.

"हिनं जपून ठेवली होती," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नात रुखवतात मांडायची म्हणून. तुमच्या घरची म्हणून. आता म्हणली, देऊन या. पण रिकामं भांडं परत करत नसतेत, भरून न्या."

"अरे, आत तरी ये."

"नाय. आज पाण्याचा दिवस हाय. नळाखाली हंडे लावून आलोय."

तो गेला तेव्हा बायको बाहेर आली. कळशी बघून म्हणाली, "ही परत कशी आली?" मी सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली.

"अहो, त्यांच्या वास्तुशांतीच्या वर्षी लग्नसराईत मी गुलमंडीवरून अशा डझनभर कळशा एकदम आणल्या होत्या. दुकानदार नाव फुकट घालून देत होता म्हणून सगळ्यांवर घालून घेतलं. निम्म्या सिडकोत आपली कळशी आहे."

"आणि नळाचं कसं कळलं त्याला?"

"ज्या त्या लग्नात पंगतीत बसून बिल्डरला शिव्या कोण देतं? मी?"

मी विचारलं, "बाकीच्या कळशा कुणाकुणाला दिल्या?"

"का? आता त्यांच्या स्वयंपाकघरात शिरणार?"

मला लाज वाटली. ते पाणी सांडता येईना आणि ठेवूनही बघवेना. शेवटी बायकोने त्यातल्याच पाण्याचा चहा केला. चहा फाटला नाही. माझा कप तसाच गार झाला.

सोमवारी बसमध्ये मी स्टोअर्सवाल्याला उठवून माझ्या जागेवर बसलो. म्हटलं, "चुकलं माझं."

"असू द्या," मित्र म्हणाला. "तुम्ही तरी काय करणार, नियम हाय." त्याने मला खिडकीची जागा देऊ केली. आता त्याला झोप येत नव्हती.

'जागरूक नागरिक' परत आला नाही. तो कोण होता ते मला आजही माहीत नाही. सिडकोत कुणाकडे जेवायला गेलो की माझी नजर अजून ओट्यावर जाते आणि बायको मला कोपर मारते. पण मला पडलेला प्रश्न तो नव्हताच, मित्राचा फोन येईल का हा होता. पुढच्या पाण्याच्या दिवशी मी सुट्टी टाकली, दोन्ही कॅन धुऊन दाराशी ठेवले आणि फोनची वाट बघत बसलो. वहिनींकडे नेऊन द्यायला ती कळशीही पुसून ठेवली होती, आत किलोभर साखर भरून.

फोन आला नाही. मोबाईल वाजला तो ग्रुपचा. मंजुरीसाठी एक पोस्ट थांबली होती, माझ्या मित्राची. ग्रुपवर तो पहिल्यापासून होता, पण त्याने कधी एक ओळ लिहिली नव्हती. मला फोन करायचा, त्याचं काम तेवढंच. आता लिहिलं होतं, 'सिडकोत पाणी आलंय.' नियमाप्रमाणे खाली फोटो. नळ, नळाखाली निळी प्लॅस्टिकची बादली. बादलीवर नाव नव्हतं.

माझ्या नियमाने ती पोस्ट नामंजूर व्हायला हवी होती. मी मंजूर केली. लगेच खाली कुणीतरी विचारलं, 'या भांड्यावर नाव नाही. ॲडमिन, हा माणूस खरा कशावरून?'

मी लिहिलं, 'मी याला ओळखतो.' आणि कॅन दाराशी तसेच ठेवून फोनकडे बघत बसलो.